असोला नारळ

त्या गावात क्रिकेटच्या फायनलचा चेंडू दुकानातून थेट मैदानात येत नाही. आधी तो टेकडीवरच्या गावदेवीच्या पायाशी बसतो. मग नारळासोबत लाल कापडात बांधून त्याला खाली आणायचं, आणि वाटेत त्यानं जमिनीला टेकायचं नाही. टेकला की आणणाऱ्या घराचा मान गेला. आणलेला नारळ आणणाऱ्यानं आपल्या अंगणात लावायचा, अशीही रीत.

हा मान हरेशच्या घरचा. तरणा होता तेव्हापासून तो गाठोडं छातीशी धरून टेकडी धावत उतरायचा आणि मैदान शिट्ट्यांनी दणाणायचं. त्याच्या अंगणात माडांची रांगच उभी होती. पण गेल्या पावसाळ्यात बांधावरून घसरून त्याचा गुडघा कायमचा अधू झाला, आणि गावाची नजर शेजारच्या किशोरच्या घराकडे वळली. हरेशची जेवणावरची वासनाच उडाली.

त्याला एकच लेक, समिधा. खालापूरला तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. चेंडू मी आणते म्हणत ती सामन्यांच्या कमिटीपुढे उभी राहिली. कमिटीचा म्होरक्या नागूआजा म्हणाला, की बाई, पोरींनी चेंडू घेऊन धावायची रीत नाही.

"धावत नाय आणत," समिधा म्हणाली. "उडवत आणला तर?"

नागूआजाला हसू आवरेना. "आण की. पन टेकला तर मान किशोरच्या घरी."

झालं, बोलून बसली. आता करून दाखवणं आलं.

पहिल्या खेपेला ड्रोन जोडताना तिनं हौशी माणसाचा नेहमीचा घोळ घातला. नारळ जड, म्हणून पाती मोठी, एवढंच गणित. मोटरी मात्र घेतल्या शर्यतीच्या ड्रोनच्या, बारक्या पात्यांवर भन्नाट फिरणाऱ्या. त्यांना मोठी पाती जोडणं म्हणजे शिंगराला पेंढ्याची गाडी जुंपणं. मोटरींनी जीव खाऊन करंट ओढला, तो पुरवता पुरवता कंट्रोलरची कुवत संपली आणि धूर निघाला. ड्रोन परसातल्या वांग्यांत पालथा पडला.

"भरीत आयतंच झालं गं," किशोर कुंपणावरून म्हणाला. त्या दिवशी समिधा रडली, आणि रागानं रडली.

रडून झाल्यावर तिला उमगलं, की ही सोयरीक आहे. मोटर, पाती आणि कंट्रोलर यांतलं एकाचं मोठेपण दुसऱ्याला झेपलं पाहिजे. मग तिनं मंद फिरणाऱ्या पण जोरकस मोटरी आणल्या, त्यांना साजेशी रुंद पाती बसवली, आणि मोटरी मागतील त्याहून बरंच जास्त सोसणारे कंट्रोलर लावले. बाजारातून नारळ आणला, खाली दोरीला टांगला आणि उडवला. दर वेळी ड्रोन उतरला की कंट्रोलर किती तापलाय ते बोट ठेवून पाहायची. बोट सुखानं टिकायचं. तिला वाटलं, जिंकलो.

फायनलच्या दिवशी ती टेकडीवर पोचली. कमिटीचा साक्षीदार म्हणून किशोरही आला होता, गालात हसत. देवीची पुजारीण धोंडूबाई गाठोडं बांधायला बसली, तिच्यापुढचा नारळ समिधानं उचलून पाहिला. नारळ असोला होता, सालीसकट, पाण्यानं भरलेला, तिच्या नारळाच्या दुप्पट जड. तिनं कपाळावर हात मारला. अंगणातले माड काय सोललेल्या नारळातून उगवले होते? जन्मभर त्यांच्या सावलीत खेळली आणि आणला काय, तर किराणावाल्याकडचा सोललेला.

"नको जमत तर राहू दे," किशोर म्हणाला. "मी नेतो पलत."

समिधानं पिशवी उघडली. पाना काढला. वजन कमी व्हावं म्हणून कॅमेरा उतरवला, मग ड्रोनचे पायही सोडवले. पाय नाहीत म्हणजे ड्रोनला नीट उतरता येणार नाही. तिनं बापाला फोन लावला.

"बाबा, पिचजवल एकटं उभं ऱ्हावा. गाठोडं दोरीनं खाली येईल. तुमी फकस्त हातात घ्या."

धोंडूबाईनं गाठोडं ओंजळीत धरलं. पालथ्या बादलीवरून ड्रोन उठला, दोरी ताणली आणि गाठोडं धोंडूबाईच्या हातांतून सुटलं. आवाज जडावला होता, पण चारही मोटरी एका सुरात होत्या. समिधानं त्याला सरळ खाली सोडला नाही; जड ड्रोन स्वतःच्याच वाऱ्यात डगमगतो, हे ती धडपडून शिकली होती. तिरकस, सावकाश, टेकडीच्या उतारासारखा तो उतरत गेला. मैदानात अख्खं गाव माना वर करून पाहत होतं. हरेशनं काठी टाकली, दोन्ही हात वर केले आणि गाठोडं छातीशी घेतलं. समिधानं वरूनच बटण दाबून दोरी सोडली. मग तो लंगडत, एकट्यानं, पिचवर गेला आणि चेंडू पंचाच्या हातात दिला.

शिट्ट्या टेकडीवर ऐकू आल्या. समिधानं ड्रोन मैदानाच्या बाजूच्या पेंढ्यावर अलगद बसवला. धावत खाली आल्यावर तिनं आधी कंट्रोलरवर बोट ठेवलं. चांगलाच तापला होता, पण बोट टिकलं. किशोरनंही बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, मानलं तुला." नागूआजानं माइकवरून नेहमीसारखं सांगितलं, की हरेशच्या घरचा चेंडू आला.

संध्याकाळी अंगणात माडांच्या रांगेपुढे हरेश नारळ आणि कुदळ घेऊन उभा राहिला. समिधा खड्डा कुठे हवा ते विचारायला आली. त्यानं कुदळ तिच्याकडे केली.

"आननाऱ्यानं लावायचा," तो म्हणाला. "मी नुसता झेलला."

समिधानं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली, आणि बापाच्या शेवटच्या माडापुढे पहिला घाव घातला.