बिजागरीवरचं कुंकू

खडकीच्या त्या गल्लीत तेव्हा अजून सगळे कोपऱ्यावरच्या एकाच टेलिफोनवर निरोप ठेवत, आणि श्रीधरच्या वर्कशॉपमध्ये नुकताच पहिला कंप्युटर आला होता. त्या वर्षीच्या दसऱ्याला आनंदीबाईंनी, म्हणजे श्रीधरच्या आईनं, पूजेला सुरुवात केली तीच कंप्युटरपासून. मग लेथ, मग ड्रिल, मग दारातली स्कूटर.

द्वारका मागे धुण्याच्या टेबलापाशी होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तशी दोघं अमरावतीहून इकडे आली, आणि ती इथं महिनाभराच्या बोलीवर लागली. तो महिना आज संपत होता. ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, पंखाच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या बिजागऱ्या नीट उतरल्या तर नोकरी पक्की, असं श्रीधर म्हणाला होता.

बिजागऱ्यांवर गंज होता. अ‍ॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरी भुकटी असते. तारेच्या घासणीला तिनं हात लावला नाही. सुरुवातीला ती चूक करून तिनं बोलणी खाल्ली होती. लोखंडाचा कण रुतला की तिथूनच पुन्हा सडायला लागतं. नायलॉनच्या घासणीनं हलकेच घासून, पातळ आम्लात बुडवून तिनं दोन्ही धुतल्या. पाणी काचेसारखं सलग पसरलं, म्हणजे कुठं तेलकटपणा उरला नव्हता. आता रसायनाच्या टाकीत सोडायच्या, की वर राखणीचा थर चढणार.

ती हातमोजे बदलायला वळली आणि परत बघते तो काय, एका बिजागरीवर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं.

श्रीधरनंही पाहिलं. तो एकदम कंप्युटरकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

“आई, हे पुसू का?” द्वारकेनं विचारलं.

“दसऱ्याचं कुंकू पुसतात होय तुमच्याकडे?” आनंदीबाई म्हणाल्या. “आमच्याकडे नाही पुसत.”

तशीच बुडवावी, तर थर तिथं धरणार नाही, आणि वर आभाळात कुणीतरी त्या बिजागरीच्या भरवशावर बसायचं. पुसावी, तर मालकाच्या आईशी वाकडं.

तिनं कोरी बिजागरी उचलली आणि पाण्याचा तांब्या आनंदीबाईंच्या हाती दिला. “यावर घाला जरा.”

पाणी सलग पसरलं.

“आता पूजेच्या बिजागरीवर. मी नाही पुसत. तुम्हीच आंघोळ घाला तिला.”

आनंदीबाईंनी पाणी घातलं. कुंकू वाहून गेलं, पण दोन बोटांच्या जागी पाणी फाटून बाजूला झालं.

“हे काय?”

“निरांजनाचं तेल, आई. तुमच्या बोटाचं. इथं थर धरत नाही बाप्पा.”

“म्हणजे माझ्या पूजेनं विमान पडायचं. छान.” आनंदीबाईंनी बोटं पदराला पुसली. “घास पुन्हा. मी थांबते.”

द्वारकेनं पुन्हा घासली, धुतली. या खेपेला पाणी कुठंच फाटलं नाही. टाकीतून बिजागरी थर चढून निघाली ती पिवळीधमक, नवरीसारखी.

“अगोबाई, हिनं स्वतःची हळद स्वतःच लावून घेतली,” आनंदीबाई उद्गारल्या.

“जमलं का?” श्रीधरनं मान वळवून विचारलं.

“तू बघ तुझा टीव्ही,” आनंदीबाई म्हणाल्या. ताटातलं उरलेलं कुंकू त्यांनी द्वारकेच्या कपाळाला लावलं. “पुढच्या दसऱ्याला कशाला बोट लावायचं नाही, ते मला आधी सांगून ठेव.”

श्रीधरनं निमूट मान डोलावली. त्या वर्कशॉपात याहून मोठा हुकूम नव्हता.

“सांगते,” द्वारका म्हणाली, आणि तिनं दुसरी बिजागरी टाकीत सोडली.