आसनाची शिवण

कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक खांदा उतरला, हे शिंप्याच्या टेपला आधी कळतं आणि घरच्यांना नंतर, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. सक्करदऱ्यात माझं छोटंसं दुकान होतं. एक मशीन, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि माझं तोंड. लोक कपड्यांइतकेच या तोंडासाठी यायचे. त्याच तोंडाची ही गोष्ट आहे.

रविंद्र माझे भाऊजी, थोरली बहीण सत्यवती हिचे यजमान. वय सत्तावीस, पोस्टमन. साळ्यानं भाऊजींची टर उडवायची हा तर माझा हक्कच, आणि तेही हसून घ्यायचे. १९७३च्या दसऱ्याची, धम्मचक्र दिनाची गर्दी ओसरली आणि दोन दिवसांनी ते खाकी पँट घेऊन दुकानात आले.

"रामाजी, आसन जरा ढिलं करून दे गा. सायकलची सीट टोचून राहिली."

आसन म्हणजे पँटीचा दोन पायांमधला भाग. मी शिवण उसवून अर्धा इंच सोडला. "भाऊजी, ताईच्या भाकरी भलत्याच जागी लागून राहिल्या," असं वर म्हणालो. बाकावरचे हसले, भाऊजीही हसले.

जानेवारीत तीच पँट परत आली. "डाव्या बाजूनं जास्त सोड," ते म्हणाले. सीट टोचली तर दोन्हीकडे टोचेल, एकट्या डावीकडे कशी, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. सात वर्षं कात्री चालवणारा मी! सांगितलं तेवढं सोडलं.

मार्चमध्ये सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी आतून तुकडा जोडत होतो आणि भाऊजी समोर टोपी हातात फिरवत उभे होते.

"रामाजी, एक गोष्ट सांगाची होती."

"बोला नं," मी म्हणालो, पण मशीन थांबवली नाही. बाकाकडे बघून डोळा मारला. "भाऊजीले दिवस गेले वाटते!"

सगळे पोट धरून हसले. भाऊजीही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. हो, दिसले. "राहू दे, मंग सांगतो," म्हणून ते पँट घेऊन निघून गेले.

मे महिन्यात त्यांना खोकला लागला. कंबर धरली, सायकलवर बसवेना. ताईनं आदळआपट करून त्यांना मेडिकलच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात धाडलं, सोबत मी. डॉक्टर त्यांना तपासून पडद्याबाहेर आले ते भडकलेलेच.

"इतके महिने काय करत होते हे?"

"दुखत नव्हतं साहेब," भाऊजी आतून म्हणाले. "नुसती कडक गोटी होती. मंग वाढत गेली."

"न दुखणारी गाठच तर लवकर दाखवायची असते!"

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. अंडकोषाचा कॅन्सर. ऐन तरुणपणी होतो. सायकलनं होत नाही, वाईट चालीनं होत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जांघेत चीर देऊन तेवढी एक गोळी काढतात, मग किरणांचा शेक देतात. दुसरी चांगली असली की माणूस संसार करतो, त्याला लेकरंही होऊ शकतात. लवकर आलेले पुष्कळ जण वाचतात. "यांचा मात्र फुप्फुसात गेलाय," ते म्हणाले. लवकर म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. अर्धा इंच सोडला तेव्हा.

ऑपरेशन झालं. "तुह्या ताईले हार्निया म्हनून सांग," अशी भाऊजींनी मला शपथ घातली. मी तसं सांगितल्यावर ताई माझ्याकडे बघतच राहिली. "मी बायको आहो त्याची. मले आंधळी समजता का तुमी दोघं?" ती मोठ्यानं रडली नाही. डबा घासत बसली.

शेकानं त्यांची कातडी काळी पडली, अन्नाचा वास सोसेना. ऑगस्टमध्ये मात्र आठ दिवस बरे गेले. त्यांनी ताईच्या हाती पँट पाठवली आणि निरोप दिला, "पयल्यासारखं आसन कर म्हना. सोमवारी ड्युटीवर जातो."

मी शिवण उसवली. कापडावर सुईच्या भोकांच्या जुन्या ओळी दिसल्या. ही दसऱ्याची, ही जानेवारीची, हा मार्चचा तुकडा. त्यांचा आजार तीनदा माझ्या हातात आला होता आणि तीनदा मी त्याला जागा करून दिली होती. वर हसलो होतो. दुकानाची फळी लावून मी आतल्या आत रडलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

सोमवारी ते उठू शकले नाहीत. मी उशाशी बसलो होतो.

"त्या दिवशी मी सांगनारच होतो गा," ते म्हणाले.

"मले मालूम आहे, भाऊजी."

"तू मानूस चांगला आहेस, रामाजी. पन तुह्यासमोर रडता येत नाही."

चौथ्या दिवशी ते गेले. विहारातली माणसं आली, वंदना झाली. ताई सव्विसाव्या वर्षी पांढऱ्या लुगड्यात बसली आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

दुकानातला बाक मी काढून टाकला. आता आसन ढिलं करायला कुणी आलं, की मी पडदा ओढतो आणि सरळ विचारतो, "एका बाजूनं का दोन्ही? हाताले गाठ तर नाही लागत?" कित्येक गिऱ्हाइकं यापायी तुटली. कामठीच्या हातमागावर काम करणारा लहानू तर शिवी देऊन, पँट हिसकावून गेला.

पुढच्या शुक्रवारी भर दुपारी तो परत आला. हातात पँट नव्हती. रस्त्याकडे बघत उंबऱ्यातच उभा राहिला.

"मास्तर, एक गोष्ट सांगाची होती."

मी चाकावर हात ठेवला आणि मशीन थांबवली.