शहागडचं शीतगृह

बशीतल्या मोसंबीच्या फोडीवर माशी बसली होती, आणि ती हाकलायचं सोडून निवेदिता फोडीची सुकत चाललेली कड पाहत राहिली… सांगायला आले ते अजून सांगून झालं नाही.

ती नोकरीला होती त्या सरकारी विकास बँकेत हवामान-बदलासाठीचा निधी आला तेव्हा मुंबईच्या कचेरीत तिनंच शहागडचं नाव पुढं केलं होतं — मोसंबी पिकवणाऱ्या बायकांसाठी सौर विजेवरचं शीतगृह. या उन्हात तोडलेलं फळ टिकत नाही म्हणून. बायकांच्या कंपनीची अध्यक्ष आसिफा, जालन्याच्या शाळेत तिच्याच बाकावर बसणारी. मग पाहणीच्या निमित्तानं सारखं इथं येणं, आसिफाच्या या ओसरीवर बसणं, गोदावरीवरून येणारा वारा… आणि परवा साहेब शांतपणे म्हणाले, "सगळा निधी एकाच मोठ्या सौर प्रकल्पाला. मंत्र्यांचा मतदारसंघ आहे. वरून ठरलंय."

"न्हाई झालं ना?" आसिफानंच विचारलं.

"कोणी सांगितलं?"

"आल्यापासून पाणी बी पिली न्हाईस."

मग निवेदितानं सगळं सांगितलं. आसिफा ओढणी सारखी करत म्हणाली, "बँक सरकारची ना? मंग आम्ही कोणाचे?"

काय सांगणार होते मी तिला — की बैठकीत हेच विचारलं होतं मी, आणि सगळे समोरच्या कागदांत पाहू लागले होते?

"बायका गप बसणार न्हाईत. आमदाराकडं जाऊ, पेपरवाल्यांना बोलवू. मंत्र्याच्या गावाला गेलं, हे तू सांगितलं म्हणून सांगू का? तुझं नाव न्हाई घेतलं तर कोणी बिलकुल मानणार न्हाई."

नाव घेतलं तर बदली — कुठंतरी दूर. मग शहागड नाही, ही ओसरी नाही… लग्न होऊन मुंबईला गेल्यापासून जालन्याकडं यायला कामाचं निमित्त लागत होतं, आणि हे शीतगृह तिनं नक्की कोणासाठी मागितलं होतं?

"घे नाव," निवेदिता म्हणाली.

"मंग तुला इकडं पाठवणार न्हाईत."

"नाही पाठवणार."

"तशीच येशील? बगैर कामाची?"

निवेदिताला हो म्हणायचं होतं. महामार्गावरून ट्रक गेले, वारा पडला. आसिफा शेजारीच बसली होती, हात लागेल इतकी जवळ, आणि तरी तिची आठवण येऊ लागली होती.