ती चूक नव्हती

“नुसतं ‘अजाणता चूक झाली’ एवढंच म्हणायचं,” वकीलबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. “बाकी मी बघते.”

म्हाताऱ्या टर्नरने मान हलवली. पेटंट कायदा कसा सुधारावा यावर सरकारी समितीच्या दालनात सकाळपासून वाद चालला होता. आयुष्यभर लेथ चालवलेल्या या माणसाच्या ते निम्मंअधिक डोक्यावरून जात होतं. स्वतःपुरतं मात्र त्याला पक्कं कळलं होतं. बायकोला कंपवात झाला तेव्हा त्याने तिच्यासाठी चमचा घडवला, हात कितीही थरथरला तरी न सांडणारा. पेटंट मागायला गेला तर नकार मिळाला, कारण वस्तू अर्जाआधीच चारचौघांत दाखवली गेली होती. मग तस्साच चमचा एका कंपनीने बाजारात आणला. आता नव्या सुधारणेत अजाणता दाखवणाऱ्यांना सवलत मिळणार होती, जुन्या अर्जांनासुद्धा.

“बोला काका,” अध्यक्ष म्हणाले. “चमचा कुणी दाखवला?”

“बायकोनं. दवाखान्यात रुग्णांचा मेळावा होता. दोन वर्षं मीच भरवत होतो तिला. त्या दिवशी सगळ्यांसमोर बसून वाटीभर सूप एकटीनं संपवलं. वर म्हणते कशी, ‘यांच्या लेथमधून पहिल्यांदाच घराच्या उपयोगाचं काही निघालं!’”

दालनात हशा पिकला. टर्नरही हसला.

“म्हणजे अजाणता चूक झाली,” अध्यक्षांनी वाट सोपी करून दिली.

हो म्हटलं की काम फत्ते होतं. वकीलबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. पण बायको वारल्यापासून इतक्या माणसांत तिचा विषय पहिल्यांदाच निघाला होता, आणि निघाला तो असा. टर्नरला फार वाईट वाटलं.

“चूक नव्हती साहेब. मी म्हटलं होतं, आधी अर्ज करू, मग दाखव. तर म्हणाली, तोवर या लोकांनी काय करायचं? मापंसुद्धा सांगून टाकली तिनं. विचारील त्याला.”

“मग काका, ही सवलत तुम्हाला लागू होणार नाही.”

“नको होऊ दे. बाकीच्यांना जरूर द्या. माणूस हौसेनं दाखवतो हो, त्याला कशाला नाडायचं? फक्त तिची चूक झाली असं लिहू नका.”

लघुलेखकाने अध्यक्षांकडे पाहिलं.

“खोडा तो शब्द,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला पुकारलं.

वकीलबाई जिन्यापर्यंत आल्या. “हातातोंडाशी आलेला घास घालवलात. काय बोलायचं तुमच्यापुढं!” एवढं म्हणून त्या घाईने परत आत गेल्या. तिथे वाद पुन्हा तापला होता.

टर्नर घरी आला. कुलूप काढून, दार ढकलून, एक चप्पल पायात असतानाच त्याने आत हाक मारली, “अगं, खोडायला लावला मी तो शब्द!”

मग दुसरी चप्पल न काढताच तो बराच वेळ उंबऱ्यावर उभा राहिला.