उजवीकडची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड नोंदवही आहे. आटपाडी तालुक्यातल्या एका लहानशा गावात, चावडीशेजारच्या वाचनालयाच्या कपाटात मी राहते. माझा तांबडा पुठ्ठा विटलाय, पाठीची कापडी पट्टी कसरीनं खाल्लीय. पण मला कमी समजू नका हं. माझ्या पोटात अख्खं गाव आहे, आणि त्या गावानं आपलं पाणी कसं शोधलं तेही आहे.

माझा जन्म सांगलीचा. एका बाइंडिंगवाल्यानं मला शिवलं. शेजारी हळदीचं गोदाम होतं, म्हणून माझी पहिली चार पानं अजून पिवळसर आहेत. मला वाटलं होतं, एखाद्या मोठ्या कचेरीत ऐटीत बसेन. कसलं काय! एकोणीसशे ब्याण्णव साली चारुशीलाबाई नावाच्या शिक्षिकेनं मला विकत घेतलं आणि एस.टी.त मांडीवर ठेवून थेट या माळावर आणलं. बाई मूळच्या वाईच्या. शाळा सुटली की त्या वाचनालय उघडायच्या.

आल्या आल्या त्यांनी पट्टी घेतली आणि माझ्या प्रत्येक पानावर एक उभी तांबडी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे लिहिलं, 'माहिती'. उजवीकडे लिहिलं, 'हे कुठून कळलं?' मग सुतळीनं पेन बांधलं आणि गावाला सांगितलं, ही वही सगळ्यांची. गावाबद्दल ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं लिहावं. कुणाचं चुकलं असं वाटलं तर खोडायचं नाही, खाली आपलं लिहायचं. फक्त उजवी बाजू कोरी ठेवायची नाही.

आधी मला त्या रेघेचा रागच आला होता. चांगली निम्मी जागा वाया! पण पानं भरू लागली आणि मी थक्क झाले. गावात पहिली एस.टी. कधी आली, हे डावीकडे एका ओळीत मावलं. उजवीकडे लिहिलं होतं, 'त्याच दिवशी माझा जन्म झाला, आईनं सांगितलं.' शाळेपुढचा लिंब कुणी लावला, त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'शाळेची जुनी हजेरी, मागचं पान.' शेळ्यांच्या खुरांवरचं औषध लिहिणाऱ्यानं समोर लिहिलं, 'माझ्या चार शेळ्या बऱ्या झाल्या, एक झाली नाही.' केवढं नवल हे! डावीकडे नुसती गोष्ट असायची, आणि उजवीकडे ती ज्याच्याकडून आली तो माणूस उभा असायचा.

एक दिवस मनुबाई आली. वय अठ्ठ्याहत्तर, लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. गावात पूर्वी एक गोड्या पाण्याची विहीर होती, ओढ्याच्या वळणावर. पुढं मोठा पूर आला, ओढ्यानं वाट बदलली आणि विहीर गाळाखाली गेली. हे कुठून कळलं, असं बाईंनी विचारलं तेव्हा मनुबाई म्हणाली, "लगीन हून आले त्या साली मी सोता पानी वढलंय की तिथनं. काठाच्या दगडाला दोरानं खाचा पडल्या हुत्या. घागर भरस्तवर समोर टेकडीचं नाकाड दिसायचं." बाईंनी शब्दन् शब्द उजवीकडे उतरवला आणि खाली तिचा अंगठा घेतला. ते माझं त्रेसष्टावं पान.

गावानं ते हसण्यावारी नेलं. म्हातारी नातवंडांची नावं विसरते, तिला विहीर कुठली आठवायला!

मग आले हंबीरराव. फौजेतले निवृत्त सुभेदार, छातीवर पदकं मिरवलेला माणूस. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी पेन उचललं आणि मनुबाईच्या खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बुजलेली विहीर मारुतीच्या देवळामागे आहे.' उजवी बाजू कोरीच ठेवली. बाईंनी पाहिलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' असं विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. बाईही शेवटी या रीतीतच वाढलेल्या. त्यांनी विचारलं नाही. माझ्या अंगावरची ती पहिली कोरी जागा. मला ती कायम टोचत राहिली.

चार दिवसांनी आबांच्या बैठकीतल्या बाळासोनं खाली लिहिलं, 'होय, देवळामागेच.' समोर लिहिलं, 'हंबीरआबांनी सांगितलं.' त्याच्याखाली त्याच बैठकीतल्या नाथाजीनं लिहिलं, 'देवळामागेच आहे.' समोर लिहिलं, 'बाळासोनं सांगितलं.' झालं! एका बाजूला तीन जाणते पुरुष, दुसऱ्या बाजूला एकटी मनुबाई.

शहाण्णवचा उन्हाळा आला. आमच्या गावच्या विहिरींनी तळ गाठला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, तोही अर्धा सांडत. पोरी शाळा सोडून घागरी घेऊन दोन-दोन मैल जायच्या. बाई रोज हजेरी घ्यायच्या आणि रिकाम्या बाकांकडे बघत बसायच्या.

तेवढ्यात शिवतेज रजेवर आला. फौजेतला जवान, बरोबर गावचेच आणखी चौघं. दहा दिवसांची रजा उरली होती. तेवढ्यात जुनी विहीर उकरून द्यायची, असं पाचही जणांनी ठरवलं. पुन्हा एवढे धट्टेकट्टे हात गावात कधी जमायचे? दहा दिवस म्हणजे दहाच. चावडीत मला उघडलं. सगळ्यांनी डावी बाजू वाचली, तिघांचं एक मत पाहिलं आणि देवळामागे कुदळ मारली.

चार दिवस खणलं. वर मुरूम लागला, खाली काळा कातळ. चौथ्या दिवशी शिवतेज हात पुसत वाचनालयात आला. हाताला फोड आले होते. तो बाईंना म्हणाला, की या कातळाला आजवर कुणाची पहारसुद्धा लागलेली नाही, तिथं विहीर असणारच कशी? मग त्यानं त्रेसष्टावं पान उघडलं आणि पहिल्यांदाच उजवी बाजू वाचली. त्याचं बोट नाथाजीवरून बाळासोवर गेलं, बाळासोवरून हंबीररावांवर गेलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं. बाईंनी मान खाली घातली. चूक आपली आहे, आपण विचारायला हवं होतं, असं त्या सरळ म्हणाल्या.

शिवतेजनं मला काखेत मारलं आणि हंबीररावांच्या सोप्यात, घराच्या पुढच्या ओसरीवर नेलं. नाथाजी आणि बाळासो तिथंच पान खात बसले होते. सुभेदारासमोर जवान ताठ उभा राहिला.

"आबा, इचारू न्हाई, पन इचारतो. हे तुमाला कुनी सांगितलं?"

हंबीररावांच्या कपाळावर आठी चढली. मग ती हळूहळू उतरली. आठवून ते म्हणाले, "नाथाजीनं. चहाच्या टपरीवर."

नाथाजीच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. आपण तर नुसतं 'देवळामागं असंल बगा' म्हणालो होतो, असं तो पुटपुटला.

बाई गं! म्हणजे नाथाजीनं बाळासोचं नाव सांगितलं, बाळासोनं आबांचं, आणि आबांनी पुन्हा नाथाजीचं. तीन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून खात्री देत होती, आणि विहीर एकानंही पाहिली नव्हती. त्या गोल फेऱ्यातले दोन दुवे माझ्याच पानावर उघडे पडले होते, आणि मलाही दिसले नव्हते.

हंबीरराव उठले. मला वाटलं, आता पान फाडणार. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या ओळीसमोरच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'टपरीवर ऐकलं. खात्री केली नाही. सुभेदार हंबीरराव.' मित्रांनो, त्यांची पदकं मी कधी पाहिली नाहीत. पण ती ओळ मी अंगावर बाळगते, आणि आजही तिच्यापुढं माझी मान लवते.

मग ते स्वतः मनुबाईच्या दारात गेले. तिला हाताला धरून ओढ्यावर आणलं. म्हातारी इकडं सरकली, तिकडं सरकली, टेकडीकडे बघत राहिली आणि काठी टेकून म्हणाली, "हितं."

रजेचे सहा दिवस उरले होते. गाळ भुसभुशीत होता, भराभर निघाला. दुसऱ्या दिवशी छातीइतक्या खोलीवर पहार खणकन वाजली. काठाचा दगड होता तो. त्याच्या कडेला चार खोल, गुळगुळीत खाचा होत्या. मनुबाईनं खाली बसून एका खाचेत बोट घातलं. पासष्ट वर्षांनी ते बोट तिथं बरोबर बसलं. ती रडली नाही, हसली नाही. एवढंच म्हणाली, "मी सांगितलं हुतं."

रजा संपली त्या सकाळी शिवतेज बॅग घेऊनच वाचनालयात आला. मनुबाईच्या नोंदीखाली त्यानं लिहिलं, 'काठ सापडला. ओल लागली.' समोर लिहिलं, 'स्वतः पाहिलं.' पाणी लागलं, असं लिहा की, असं बाई म्हणाल्या. त्यानं मान हलवली. पाणी त्यानं अजून पाहिलं नव्हतं. तो एस.टी.त बसून गेला.

उरलेला गाळ गावानं काढला. बारा दिवसांनी मनुबाई ओल्या पदरानं आली आणि बाईंना म्हणाली, लिवा. डावीकडे लिहिलं गेलं, 'पाणी गोड आहे.' उजवीकडे, 'स्वतः प्याले.' आणि खाली ओला अंगठा. त्या जागी माझा कागद अजून फुगलेला आहे.

मित्रांनो, आता माझी पानं संपलीत. तुम्ही ज्या नव्या वह्यांत लिहाल, त्या वह्या कसल्याही असोत, उजवी बाजू कोरी सोडू नका. मोठ्या माणसालाही आदरानं विचारा, हे कुठून कळलं? आणि तुम्हाला विचारलं तर रागावू नका.

आणि हो, हे सगळं मी सांगितलं म्हणून खरं मानू नका. गावात या. त्रेसष्टावं पान उघडा. मग ओढ्याच्या वळणावर जा, आणि दगडाच्या खाचेत स्वतःचं बोट घालून बघा.