तेवीस अळंब्या

देठावर जिथे कुणाचं तरी बोट दाबलं गेलं होतं तिथे निळसर डाग उमटला होता, शाई सांडून घाईत पुसल्यावर राहतो तसा, आणि चिमट्यात धरलेली अळंबी ती खिडकीच्या उजेडात नुसतीच फिरवत राहिली. पाहायचं ते पाहून झालं होतं. खरं तर पहिल्या नजरेतच ओळख पटली होती. काही माणसं चाळीस वर्षांनी पाठमोरी दिसली तरी ओळखू येतात, तशी. पण पहिल्या नजरेवर विसंबायचं नाही, हे तिला ज्यांनी शिकवलं ते... नको. ते आत्ता नको. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर कापडी पिशवीतून ओतलेला ढीग, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास, आणि समोर स्टुलावर बसलेली बाई.

बाई शिवणकाम करत होती आणि तशीच उठून आली होती. गळ्यात मोजपट्टी लोंबत होती, कॉलरला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या. तिचे वडील रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात होते. अकराच्या सुमाराला तिथल्या डॉक्टरचा फोन आला होता. "मॅडम, एक आजोबा आलेत. गुरांचे डॉक्टर होते, आता रिटायर. नाश्त्याला कुरणातल्या अळंब्या परतून खाल्ल्या, तासाभरात हसायला लागले, ते अजून हसतायत. मुलगी उरलेल्या घेऊन तुमच्याकडे निघालीय. मला एवढंच सांगा, ह्यात जीव घेणारी आहे का?"

रोपांचे रोग तपासायच्या ह्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं करपा आणि मूळकूज बघण्यात गेली होती. पण गावात कुणीही कुठेही काही उपटून खाल्लं की बोलावणं हिलाच यायचं. समोर सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे छत्रीबाई. तिला ते माहीत होतं, आणि फारसं वाईटही वाटत नव्हतं.

"हसतायत म्हणजे बरंच म्हणायचं," ती त्या बाईला म्हणाली. "डोक्यात चढणारी तासाभरात बोलायला लागते. मारणारी गप्प बसते. दिवसभर माणसाला हिंडूफिरू देते आणि मग यकृत धरते."

"मग ही चढणारीच?"

"एका पिशवीत दोन्ही असू शकतात. दिसायला बहिणी-बहिणी. एकेक बघावी लागेल."

तेवीस होत्या. तिने एकेक उलटी करून मांडायला सुरुवात केली, टोपी खाली, पोट वर. वरून सगळ्याच साळसूद दिसतात गं, उलटी करून बघ... मोजणी खात्यातली नोकरी, उन्हाने रापलेली मान, गवतात उकिडवे बसलेले बाबा, आणि त्यांच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत मागे चालणारी दहा वर्षांची ती. रविवारी सकाळी दवाने फ्रॉकची किनार भिजायची. बाबा दिवसाकाठी वीस वाक्यं बोलत असतील तर त्यातली पंधरा कुरणात. ही खायची. ही नाही. ही कुत्र्याची छत्री, हिला हात लाव पण नंतर हात धू. घरी आल्यावर पुन्हा तोंडाला कुलूप. आई म्हणायची, ह्यांच्या जिभेला भाडं पडतं.

"आई जाऊन दीड वर्ष झालं," बाई आपणहून बोलायला लागली. "तेव्हापासून बाबा हसले नाहीत. रडलेही नाहीत. वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत बसायचे. आज सकाळी मी मशीनवर होते, तर आतून हसण्याचा आवाज. मला वाटलं कोणी पाहुणा आला. जाऊन बघते तर एकटेच. मला बघितलं आणि म्हणाले, तुझा हात दे. धरून बसले. म्हणाले, किती गरम आहे गं तुझा हात. मॅडम, माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी माझा हात धरला नव्हता."

चिमटा थबकला. चौदावी अळंबी.

मी आणून दिल्या होत्या. हे वाक्य तिने आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, विद्यापीठात भूछत्रांवर प्रबंध लिहिताना मार्गदर्शकांनी कौतुकाने विचारलं होतं, हा नाद कुठून लागला, तेव्हाही नाही. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. बाबा माप घेत बांधाच्या पलीकडे गेले होते आणि तिने एकटीने, पहिल्यांदाच एकटीने, ओंजळभर वेचल्या होत्या. बाबा, ह्या खायच्या ना? मी उलट्या करून बघितल्या. त्यांनी एक हातात घेतली, अंगठ्याने देठ दाबला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, तू सांगतेस ना, मग झालं. केवढी फुलली होती ती! घरी येईपर्यंत उड्या मारत. दुपारी त्यांनी त्या लोण्यावर परतल्या आणि खाल्ल्या, आणि मग...

मग ते अंगणात गवतावर बसले आणि म्हणाले, हे श्वास घेतंय. ते हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी मग थांबेना, आणि ते आपल्या धाकट्या भावाशी बोलायला लागले, जो ती जन्मायच्या आधीच नदीत बुडाला होता, ज्याचं नावही घरात कुणी काढत नसे. त्यांनी तिची वेणी हातात घेतली, पेडन् पेड बघत राहिले. केवढे रंग आहेत गं ह्यात, तुझ्या आईने बघितलेत का कधी? तिला भीतीने लघवी होईल असं वाटत होतं. आणि त्याच भीतीच्या आत कुठेतरी, शेगडीजवळ बसल्यावर पाठीला मिळते तशी एक ऊब होती, आपल्याकडे कुणीतरी पुरतं बघतंय ह्याची. तसं पुढे कुणी बघितलं नाही. उन्हं कलली तसे ते गप्प होत गेले. शेवटी म्हणाले, आईला सांगू नकोस हं. पुढच्या रविवारी दारात बूट घालून त्यांनी विचारलं, येतेस? ती म्हणाली, पोट दुखतंय. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखलं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

"मॅडम?"

"हं. बघते आहे."

बावीस एकाच जातीच्या निघाल्या. तेविसावी मोडकी होती, फिकट, देठ निम्म्यातून तुटलेला. वळचणीला पडलेल्या भिडस्त माणसासारखी बाकीच्यांआड लपलेली. तिचं पोट बाकीच्यांसारखं नव्हतं. तिने त्यातली पातळ चकती कापली, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मागे बाईची मोजपट्टी बोटांभोवती गुंडाळली जात होती, सुटत होती. चाकं फिरवली तसं धूसर काहीतरी आकाराला आलं, पुन्हा विरघळलं, पुन्हा आलं. तिने दुसरी चकती कापली. मग पुस्तकातलं चित्र काढून पुन्हा बघितलं, तोंडपाठ असूनही.

"साधी आहे," ती म्हणाली. "गवतातली, निरुपद्रवी. मारणारी एकही नाही." हॉस्पिटलात फोन लावून तिने तेच सांगितलं, डॉक्टरने सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. मग ती बाईकडे वळली. "वडिलांच्या जिवाला धोका नाही. चारपाच वाजेपर्यंत उतरेल सगळं."

"उतरेल म्हणजे?"

"म्हणजे होते तसे होतील."

बाईने मान डोलावली. देवासारख्या धावून आलात म्हणाली. पण चेहरा पडला तो पडलाच. दुपारच्या उजेडात तो लपवायला तिला जागा नव्हती. "होते तसे," ती म्हणाली. आणि पिशवीची घडी घालत, आपल्याशीच बोलावं तशी, "चुकून खाल्ल्या म्हणून लिहिलंय डॉक्टरांनी. पण बाबा चुकतील कसे? चाळीस वर्षं त्याच कुरणात गुरं तपासत हिंडलेत. शेण बघून सांगायचे गाय काय खाऊन फुगली ते. आणि मी म्हटलं मलाही द्या थोड्या, तर ताटली बाजूला ओढली. म्हणाले, तुला नाही पचायच्या. तुला अंडं करून देतो."

बाई गेली, जिन्यावर चपला वाजल्या, रस्त्यावर वाजल्या, थांबल्या. घड्याळात पावणेएक झाला होता. तीनचार तास. निदान ते तरी बाईला बापाबरोबर मिळावेत, कुणी मध्ये तपासायला येऊ नये.

अंडं.

तिच्या स्वतःच्या ताटातही त्या दुपारी ऑम्लेट होतं. कांदा घातलेलं, एका बाजूने करपलेलं, कारण बाबांना करता येत नसे. अळंब्या मीच वेचल्या, आणि मला एकही नाही? असं ती म्हणाली होती. त्यावर ते काय म्हणाले? थोड्याच आहेत, असं काहीतरी. ओंजळभर होत्या. ओंजळ दहा वर्षांच्या मुलीची असली तरी दोघांना पुरली असती. आणि तो अंगठा, देठावर दाबून धरलेला, बराच वेळ, निळं उमटेपर्यंत...

तिने खुर्ची ओढली आणि बसली. नाही. असंही असेल की नुसता लाड. लेकीने वेचलेलं बापाने खायचं. असंही असेल की त्यांना शंका होती आणि पोरीचं मन मोडवेना, म्हणून धोका एकट्याच्या ताटात घेतला. किंवा त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि हवंच होतं ते: एक दुपार, घरात बायको नसताना, भावाशी बोलायला. बारा वर्षांपूर्वी ते गेले. विचारायचं कुणाला? आठवण तरी कुठे सरळ उभी राहते; हात लावला की तिलाही डाग पडतात.

अहवालाचा कागद पुढे होता. जात, संख्या, धोका नाही. तिने सही केली. आत काहीतरी भराभर वर येत होतं, आणि ते रडू असेल असं समजून तिने रुमाल काढला. पण ते रडू नव्हतं. राग होता. बाबांचा राग, आयुष्यात पहिल्यांदा. ठाऊक होतं तर सांगायचं होतंत. एका वाक्यात सांगता आलं असतं, तुमच्या त्या पंधरातल्या एका वाक्यात, की पोरी, चूक तुझी नव्हती. मी तुमच्याबरोबर आले असते. सगळ्या रविवारी आले असते.

खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखा वाहत होता. तिने नळ सोडला, हात धुतले, आणि राग ओसरायची वाट पाहिली. तो ओसरेना. तो तिच्या शेजारी येऊन बसल्यासारखा बसला, मोठ्या माणसासारखा, बोलायला तयार. आणि जेवणाची सुट्टी संपली तरी तिला त्याला उठवावंसं वाटलं नाही.