केशरबाई बसेल अशी नाव

जळबा भोयाला नाव घ्यायची आहे, हे सिद्धेश्वरच्या धरणाकाठी सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुणासाठी घ्यायची आहे, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. केशरबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, तर मुळीच नाही.

धरण व्हायच्या आधी तिथं नुसती पूर्णा होती. पावसाळ्यात ती अंगावर यायची, पण एरवी कमरेइतकी, कुठं गुडघ्याइतकी. जाळ्याचं एक टोक जळबाच्या हातात आणि दुसरं केशरबाईच्या, असं लग्न झाल्यापासून चाललेलं. जाळं ओढता ओढता केशरबाई बोलायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, शेजारच्या चतुराबाईनं मिरच्या वाळत घातल्या आणि शेळीनं कशा तुडवल्या. जळबा मधूनमधून ‘हं’ करायचा. त्या बोलण्यावरच आपला दिवस निघतो, हे त्याला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मग धरण बांधलं, गाव उठून वरच्या माळावर आलं आणि नदी होती तिथं नजर पुरेना इतकं पाणी झालं. या पाण्याला पाय टेकत नव्हते. भोयांनी पत्र्याचे रिकामे डबे एकाला एक बांधून तराफे केले आणि त्यावर बसून जाळी टाकायला लागले. पहिल्या वर्षी केशरबाईही बसली. एका दुपारी वारं सुटलं, तराफा कलंडला आणि ती पाण्यात गेली. जळबानं केसाला धरून वर काढली. तिला पोहता येत होतं, नाकातोंडात पाणी गेलं तेवढंच. पण त्या दिवसानंतर ती पाण्यावर गेली नाही. जाळी सांधायची, मासळी जवळा बाजार या गावी नेऊन विकायची, घरचं सगळं बघायची. तराफ्याकडे मात्र पाठ. जळबानंही कधी आग्रह केला नाही. तो एकटा जायचा, एकटा यायचा. घरी यायचा तोवर केशरबाईचं बोलणं बाजारातच खर्ची पडलेलं असायचं. दोघं भाकर खायचे आणि झोपायचे.

मधे एक दुष्काळ येऊन सरला, धरण पुन्हा भरलं, आणि जळबाच्या मनानं घेतलं की आता तराफा पुरे, नाव आणायची. उन्हापावसात टिकेल अशी, आणि लाटेवर माणसाचा जीव वरखाली होणार नाही अशी. केशरबाई बसेल अशी.

येलदरीच्या धरणावर ग्यानबा म्हणून त्याचा एक सोयरा होता. त्याच्याकडे पत्र्याची नवी होडी विकायला होती. जळबा घरातली तांब्याची घागर खांद्यावर घेऊन तिकडे निघाला. एसटीच्या कंडक्टरनं घागरीत काय आहे म्हणून विचारलं. काही नाही, रिकामीच आहे, असं त्यानं सांगितलं, आणि कंडक्टर दर थांब्याला त्याच्याकडे वळून बघत राहिला.

ग्यानबाची होडी दिसायला चकचकीत होती आणि एका माणसानं उचलावी इतकी हलकी. जळबानं घागर काठोकाठ भरून मागच्या टोकाला ठेवली आणि वल्हं मारत पाण्यात गेला. होडी पळाली मात्र खरी. पण लाट आली की पत्रा ढोलासारखा वाजायचा आणि दर आदळण्याला घागर हिंदकळायची. परत येईतो तिच्यातलं पाणी गळ्याखाली उतरलं होतं. शिवाय ऊन चढलं तशी होडीची कड इतकी तापली की हात ठेववेना. केशरबाईला भीती वाटली की ती हाताला येईल ते घट्ट धरते, हे जळबाला माहीत होतं. तिच्या तळहातांची आठवण होऊन त्यानं होडी नको म्हटलं. ग्यानबाला राग आला नाही, पण घागरीचं हे काय खूळ, असं त्यानं विचारलं. जळबानं हसून वेळ मारून नेली.

दुसरी नाव त्यानं नांदेडला गोदावरीच्या घाटावर बघितली. नरसिंग नावाच्या नावाड्याची होती. सागवानी, निमुळती, तेल पाजून पाजून काळीभोर झालेली. जळबा तिच्याकडे बघतच राहिला. लाकडावर टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज. सांधे असे बसवलेले की नख जाऊ नये. वल्हं मारलं की पाणी चिरत निघायची आणि घागरीतला थेंब सांडायचा नाही. सौदा ठरल्यातच जमा होता. जाता जाता जळबा सहज उठून उभा राहिला, तशी नाव सर्रकन एका अंगाला झुकली आणि घागर आडवी झाली.

“उभं ऱ्हायचंच काहून?” नरसिंग म्हणाला. “नावंत बसत असतात.”

“आमच्या घरी बसून ऱ्हाणारं माणूस न्हाई,” जळबा म्हणाला.

ती नाव सोडताना मात्र त्याला वाईट वाटलं. एसटीत बसल्यावरही तिचा काळा चकाकता काठ त्याच्या डोळ्यापुढून हलत नव्हता.

इकडे केशरबाई वैतागली होती. नवरा उठतो, घागर घेतो आणि गावं पालथी घालून रिकाम्या हातानं येतो. तिला मातीच्या घड्यानं पाणी भरावं लागत होतं. घागर मोडीत घालायची तर नाही ना, असंही तिच्या मनात येऊन गेलं. विचारलं की जळबा म्हणायचा, नाव बघून राहिलो. नावेला घागर कशाला लागते, याचं उत्तर मिळायचं नाही.

तिसरी नाव कळमनुरीच्या पलीकडे पैनगंगेच्या काठी सापडली. रामकिशन नावाच्या सुताराच्या अंगणात ती पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. पूर्वी ती पैलतीरी माणसं न्यायची. जवळच पूल झाला, तशी तिला कुणी विचारीना. रुंद, बसकी, बाभळीच्या फासळ्यांवर जाड सागवानी फळ्या ठोकलेली. तळ सपाट, पुढचं तोंड तेवढं वर उचललेलं. जळबानं सुरीच्या टोकानं फळीन् फळी टोचून बघितली. एका ठिकाणी लाकूड भुसभुशीत लागलं. ती फळी बदलून देतो म्हणून रामकिशननं आपणच कबूल केलं. बाकी सगळं ठणठणीत. नदीत लोटली, तशी ती म्हशीसारखी सावकाश पाण्यात बसली. जळबा उभा राहिला, एका कडेला गेला, मुद्दाम पाय आपटला. घागरीतलं पाणी थरथरलं आणि थांबलं.

रामकिशन प्रामाणिक माणूस. नाव लई सुस्त आहे, एकट्याच्यानं आवरायची नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. पलीकडच्या वऱ्हाड मुलखातून बायका लेकरं काखेत घेऊन हिच्यातून आल्या, पण पळायला सांगाल तर हिच्या बापाच्यानं पळणं व्हायचं नाही. जळबानं ती नाव घेतली.

नवी फळी ठोकून, डांबर मारून ती बैलगाडीवर पालथी घातली आणि कळमनुरी, औंढा करत गाडी धरणावर आली. रस्त्याला लोक विचारायचे, पाणी कुठं ठेवलं म्हणून. केशरबाईनं नावेभोवती एक फेरी मारली, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि घागर उचलून घरात गेली.

आता ती आपण होऊन बसेल, असं जळबाला वाटत होतं. ती बसली नाही. बस म्हणायचं त्याच्या तोंडून निघेना. तो एकटाच नाव घेऊन जायला लागला, आणि रामकिशनचा शब्द खरा झाला. एका वल्ह्यानं ती रुंद नाव गोल गोल फिरायची. वारं असलं की मेहनत सगळी ती सरळ ठेवण्यातच जायची. मासळी तराफ्यापेक्षाही कमी यायला लागली. बाकीचे भोई काठावरून गमती करायचे, आणि त्या केशरबाईच्या कानावर जायच्या.

एक दिवस ती नाव लागायच्या जागी येऊन उभी राहिली. जळबा घामानं निथळत होता, आणि टोपलीत बोटाएवढी मासळी होती.

“इतक्या नावा पाहिल्या अन् हीच काहून आणली?” तिनं विचारलं.

जळबा जाळं झटकत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, “तुह्यासाठी.”

केशरबाईला आधी कळलंच नाही. मग त्यानं अडखळत सगळं सांगितलं. तिला भ्याव वाटू नये म्हणून घागर नेली, तिच्या जागी ठेवून बघितली, जिच्यातून घागर सांडली नाही ती नाव आणली. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खुळचट वाटायला लागलं.

केशरबाईनं टोपलीतली मासळी हातानं चाळवली.

“घागर नेली,” ती म्हणाली. “मला इचारलं का एकडाव तरी? मी पडायला भेत न्हाई. मला पोहता येतं.”

“मंग?”

“खाली आपलं घर हाय. मी सारवलेलं. त्याच्यावरून कशी जाऊ?”

इतकी वर्षं ती तराफ्यावरून पडली म्हणून भ्याली, असं धरून जळबा चालला होता. ती पडली तेव्हा तराफा बुडालेल्या गावावर होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो खाली बसला. नावेचा, लाकडाचा, फासळ्यांचा त्यानं इतका विचार केला होता, आणि हे कुठल्याच फळीला टोचून कळणारं नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, “मधात नको जाऊ. काठाकाठानं जाऊ. मरळ मासळी तशीबी काठालाच लव्हाळ्यात असती.”

केशरबाई टोपली उचलून घरी गेली. पण सकाळी तो निघाला तेव्हा ती पदर खोचून मागं आली, नावेत चढली, दोन्ही हातांनी कड धरून बसली आणि डोळे मिटून घेतले. जळबानं काठ सोडला नाही. लव्हाळ्याला अंग घासत नाव चालली. थोड्या वेळानं केशरबाईनं एक डोळा उघडला. खाली हातभर पाणी होतं आणि गाळ दिसत होता. मग तिनं दुसरं वल्हं मागून घेतलं, आणि नाव गोल फिरायची थांबली.

दोघांच्या हातात ती नाव निराळीच झाली. सपाट तळामुळं उथळ पाण्यात कुठंही शिरायची, आणि लाकूड पत्र्यासारखं वाजत नसल्यानं लव्हाळ्यातली मरळ बिचकायची नाही. हाताच्या लांबीच्या मरळी टोपलीत पडायला लागल्या. गमती करणारे भोई नावेचा तळ कसा आहे ते वाकून बघायला लागले. केशरबाईला बोलायलाही उसंत मिळाली. बाजारात जे काही ऐकलं असेल ते सगळं ती जळबाला सांगायची, आणि जळबा ‘हं’ करायचा. मरळ आवाजानं पळते, हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. पळाली तर पळाली.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी वारं अगदी पडलेलं होतं. नाव काठाला लागून चालली असताना केशरबाईनं आपणच वल्हं उलटं मारलं आणि नावेचं तोंड धरणाच्या मध्याकडे वळवलं. जळबानं तिच्याकडे बघितलं. ती पुढं बघत होती. तोही काही न विचारता वल्हं मारायला लागला.

गाव होतं त्या जागी आल्यावर दोघांनी वल्ही वर उचलली. केशरबाईनं वाकून खाली पाहिलं. हिरवं पाणी होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. तिनं पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग पदराला पुसला.

“चतुराबाईच्या घराची भित ह्या अंगाला होती,” ती म्हणाली.

“न्हाई. त्या अंगाला. इकडं आपलं दार.”

“दार कुठलं? हितं गोठा होता. तुमच्या काय ध्यानात ऱ्हातंय?”

जळबानं गोठा नदीकडे होता म्हणून सांगितलं. केशरबाईनं नदी कुठून वळत होती ते दाखवलं, आणि त्यावरून पुन्हा वाद झाला. ती म्हणाली जरा पुढं घ्या, तो म्हणाला मागं. नाव थोडी पुढं गेली, थोडी मागं आली. जाळं तसंच कोरडं पडून होतं. ऊन चांगलं वर आलं तरी त्यांचं दार नेमकं कुठं होतं ते ठरलं नाही, आणि जळबाला ते ठरवायची काही घाई नव्हती.